हंगामापूर्वीचा भार आणि हंगामाचा निकाल

हंगामापूर्वीचा सराव म्हणजे खेळाडूच्या शरीरावर मुद्दाम टाकलेला भार. त्यातून तंदुरुस्ती आणि थकवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढतात. थकवा लवकर ओसरतो, तंदुरुस्ती मात्र बरेच दिवस टिकते. म्हणून सामन्यापूर्वी सराव हलका केला की खेळ उंचावतो. एरिक बॅनिस्टर यांनी १९७०च्या दशकात हे गणिताच्या रूपात मांडले. भार मोजण्याची सर्वांत सोपी रीत कार्ल फॉस्टर यांच्यामुळे रूढ झाली. सराव किती जड गेला याला खेळाडूनेच शून्य ते दहापैकी गुण द्यायचे आणि त्या गुणांना मिनिटांनी गुणायचे. साठ मिनिटांच्या सरावाला सात गुण दिले, तर भार ४२०. जर्सीत बसवलेले जीपीएस यंत्र धावण्याचा हिशेब ठेवते. रग्बीतल्या स्क्रममध्ये जागच्या जागी दिलेला रेटा त्याला फारसा कळत नाही.

भार जास्त म्हणजे तयारी पक्की, ही प्रशिक्षकांची जुनी समजूत. टिम गॅबेट यांनी २००४ साली ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामापूर्वीचा भार कमी केल्यावर सरावातील दुखापती घटल्या, आणि दमसास कमी न होता वाढलाच. त्यामुळे कित्येक संघांना सराव कमी करण्याचे निमित्त मिळाले. पण किती कमी आणि कशाच्या बदल्यात, हा प्रश्न मागेच राहिला.

त्या प्रश्नाचे सर्वांत महागडे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. ते तपशिलात पाहणे इष्ट. २००७च्या विश्वचषकापूर्वी प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनी ऑल ब्लॅक्सचे, म्हणजे राष्ट्रीय रग्बी संघाचे, २२ खेळाडू सुपर १४ स्पर्धेच्या पहिल्या सात फेऱ्यांतून काढून घेतले. साखळीत प्रत्येक संघाचे सामनेच तेरा. म्हणजे सुमारे निम्मा हंगाम ताकद आणि वेग कमावण्यासाठी राखला गेला. कल्पना निराधार नव्हती. वर्षभर सामने खेळणाऱ्याला शरीर घडवायला सलग वेळ मिळत नाही, हे खरेच आहे.

पुढे कार्यक्रमपत्रिकेनेही साथ दिली नाही. २१ जुलैला ऑकलंडमध्ये ऑस्ट्रेलियाला २६–१२ असे हरवल्यानंतर ऑल ब्लॅक्सना तुल्यबळ प्रतिस्पर्धीच मिळाला नाही. विश्वचषकाच्या गटात इटलीविरुद्ध ७६, पोर्तुगालविरुद्ध १०८, रुमानियाविरुद्ध ८५ गुण झाले. स्कॉटलंडने दुय्यम संघ उतरवून ४०–० अशी हार पत्करली. थेट ६ ऑक्टोबरला, अकरा आठवड्यांनी, कार्डिफमध्ये समोर फ्रान्स उभा राहिला. मध्यंतराला १३–३ अशी आघाडी असूनही उपांत्यपूर्व फेरीतला तो सामना १८–२० असा गेला. फ्लाय-हाफ डॅन कार्टर आणि त्याच्या जागी आलेला निक इव्हान्स, दोघेही दुखापतीने बाहेर पडले. त्याआधीच्या कोणत्याही विश्वचषकात न्यूझीलंड उपांत्य फेरीआधी बाद झाले नव्हते.

या पराभवाचे सगळे खापर सरावाच्या आखणीवर फोडणे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा पास नियमाविरुद्ध पुढे गेला होता आणि पंचांच्या नजरेतून तो सुटला. तरीही एक गोष्ट उरते. अटीतटीच्या सामन्यात शेवटची वीस मिनिटे निर्णय घेणे, हाही भारच आहे आणि तो व्यायामशाळेत उचलता येत नाही. हेन्री यांना पुन्हा नेमले गेले. २०११च्या विश्वचषकावेळी खेळाडूंना असे घाऊक काढून घेतले गेले नाही. कार्टरसह तीन फ्लाय-हाफ जायबंदी झाले, तरी चौथ्याच्या, स्टीफन डोनाल्डच्या, पेनल्टीवर अंतिम सामना ८–७ असा जिंकला. दुखापती टळल्या म्हणून हंगाम साधतो असे नाही, आणि दुखापती झाल्या म्हणून तो हातचा जातोच असेही नाही.

२०१६ साली गॅबेट यांनीच आपली मांडणी पुढे नेली. चालू आठवड्याचा भार मागील चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपटीपुढे एकदम गेला, तर धोका वाढतो. पायरीपायरीने कमावलेला मोठा भार मात्र खेळाडूचे रक्षण करतो. फ्रँको इम्पेलिझ्झेरी प्रभृतींनी या गुणोत्तराच्या गणितावरच आक्षेप घेतले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत: चालू आठवडा त्या सरासरीतही मोजला जातो आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. गुणोत्तर पाहून खेळाडूची विचारपूस करावी, इतपत त्याचा उपयोग. संघनिवड त्यावर सोपवण्याएवढा पुरावा अद्याप हाती नाही.