बाईंचाही अभ्यास असतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला कोणी तरी शिकलेल्या बाई बोलावयास येतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची सवय मुळीच नाही. विषय कोणता घेऊ म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, "घरात रोज बघता तेच सांगा की." तेव्हा तेच सांगते.

माझी धाकटी जाऊ जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. शाळा सुटली की बाई सुटल्या, असे आपण समजतो. पण आमच्या घरी रात्री दहा वाजता, ओटा पुसून झाला की ती कानात इअरफोन घालून मोबाइलसमोर बसते. एकदा सासूबाईंनी विचारलेच, "इतक्या रात्री कोणाशी ग बोलतेस?" ती म्हणाली, "बोलत नाही आत्याबाई, ऐकते आहे. शाळेचे प्रशिक्षण आहे." सासूबाई म्हणाल्या, "वीस वर्षे शिकवते आहेस, आता आणखी काय शिकायचे राहिले?"

प्रश्न सासूबाईंचा असला, तरी तो आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मनातला असेल. म्हणून थोडे समजावून सांगते. पूर्वी शिक्षकांचे प्रशिक्षण तालुक्याला, गटसाधन केंद्रात होई. चार-पाच दिवस डबा घेऊन जायचे, सतरंजीवर बसायचे, तज्ज्ञांचे ऐकायचे. मग 2017 साली शिक्षकदिनी, 5 सप्टेंबरला, केंद्र सरकारने 'दीक्षा' नावाचे व्यासपीठ सुरू केले. मोबाइलवर ते उघडले की पाठांचे व्हिडिओ, प्रश्नसंच आणि शिक्षकांसाठी अभ्यासक्रम मिळतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये 'निष्ठा' हे देशभरच्या शिक्षकांचे प्रशिक्षण निघाले. ते आरंभी समोरासमोर होते. पण 2020 मध्ये करोनाने शाळांना कुलपे लागली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेही 'दीक्षा'वर आले. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी त्याचे 18 भाग होते. पुढे लहान मुलांच्या वाचन-लेखन-गणितासाठी आणखी 12 भागांचा अभ्यासक्रम आला. भाग पुरा करावयाचा, शेवटी चाचणी द्यावयाची, गुण पुरेसे पडले तर प्रमाणपत्र. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान 50 तास असे शिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक तास झाला.

हा तास कोठून यावयाचा, हे मात्र कोणत्याच धोरणात लिहिलेले नाही.

माझे धाकटे दीरही शिक्षकच. दोघांचा अभ्यासक्रम एक, भाग एक, चाचणीही एक. दीर संध्याकाळी पाच वाजता झोपाळ्यावर बसतात, चहा येतो, व्हिडिओ लागतो आणि साडेसहाला भाग संपतो. जाऊबाईंचा तोच भाग तीन रात्री पुरतो, कारण मध्ये दूध उतू जाते, मूल रडते, पाहुणे येतात. दीर स्वभावाने फार चांगले आहेत हो. ते मागच्या रांगेत बसले आहेत म्हणून म्हणत नाही. पण तालुक्याला जावे लागे तेव्हा निदान बाईमाणूस चार दिवस चुलीपासून सुटत असे. प्रशिक्षण घरात आले आणि घराने ते गिळून टाकले.

आणखी एक गोष्ट हरवली. सतरंजीवर शेजारी बसलेली दुसऱ्या गावची बाई म्हणे, "माझ्या वर्गात हे असे जमले नाही, तुम्ही काय केलेत?" मोबाइलला असे विचारता येत नाही. म्हणून कित्येक जण व्हिडिओ नुसता चालू ठेवून देतात, भाजी निवडतात, भाग पुरा झाल्याची खूण उमटते आणि काम झाले. याला मी शिक्षण म्हणत नाही. नुसता टाक ठेवून देवपूजा होत असती, तर काय हवे होते!

पण जे मन लावून ऐकले जाते, त्याचा उपयोग होतो हेही मी पाहिले आहे. मुलाची घरची बोली वर्गात चुकीची ठरवू नये, तिच्यावरूनच प्रमाण भाषेकडे न्यावे, असे एका भागात होते. जाऊबाईंच्या वर्गात ऊसतोडीला आलेल्यांची मुले असतात, तांड्यावरची असतात. तिने दुसऱ्या दिवशी भाकरी, पाऊस, आजी, बैल या शब्दांना तुमच्या घरी काय म्हणतात, असे प्रत्येकाला विचारले आणि ते सारे फळ्यावर लिहिले. दिवाळीपर्यंत तोंडही न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी उठून तीन शब्द सांगून गेली. त्या रात्री जाऊबाई जेवता जेवता हेच सांगत होती.

आता आपल्या कामाचे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आपण दर जूनमध्ये कव्हरे घालून ठेवतो. आत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. पुस्तकांत असे कोड घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी केला. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. 'दीक्षा' उघडून तो चौकोन मोबाइलला दाखवला की पाठाचा व्हिडिओ समोर येतो. कॅमेरा बिघडलेला असेल तर चौकोनाखालची सहा अक्षरे टाइप केली तरी चालते. आणि एकदा उतरवून घेतला, की पुढे नेट नसतानाही तो पाहता येतो.

आमच्या घरचेच उदाहरण देते. तिसरीतल्या पुतण्याला बेचाळीसातून सतरा वजा करावयाचे होते. आपल्याला शिकवले होते की शेजारून एक उसना आणायचा. वाटीभर साखर आणावी तसा तो आणायचा. परत कधी करायचा ते गुरुजींनी सांगितले नाही. व्हिडिओत काड्यांचे गठ्ठे होते. चार गठ्ठे दहा-दहाचे आणि दोन काड्या सुट्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडला. आता सुट्या बारा आणि गठ्ठे तीन. बारातून सात गेले, पाच उरले. तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन उरले. उत्तर पंचवीस. मी लगेच खराट्याच्या काड्या मोडून, दोऱ्याने बांधून पोराला करून दाखवले. उसना म्हणजे कोणाकडून काही आणलेले नव्हे, आपलाच गठ्ठा मोडलेला, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समजले आणि मला फार आनंद झाला.

बहुतेक घरांत मोबाइल एकच आणि तो सकाळी यजमानांबरोबर कामावर जातो, हे मला माहीत आहे. म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी मांडल्या आणि त्यांनी त्या मान्य केल्या.

येत्या बुधवारपासून दुपारी तीन ते चार ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी तो चार्ज करून, मुलांचे पुस्तक घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. पाठ तेथे उतरवून घेऊ. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी नुसते पुस्तक आणावे आणि शेजारणीच्या मोबाइलवर पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्या आळीतल्या पाच शिक्षिकांसाठी. शनिवारी चार ते सहा ही खोली त्यांची. भाग एकत्र ऐकतील, एकमेकींना विचारतील, भांडतीलही. त्या दोन तासांत त्यांची मुले आपण पाळीपाळीने सांभाळायची आणि ज्या घरी पाळी असेल त्या घरून पाच जणींची भाजी-भाकरी जाईल. पहिली पाळी माझी. दुसरीसाठी सासूबाईंनी आपणहून नाव दिले आहे. पुढच्या पाळ्यांची वही चिटणीसबाईंजवळ आहे. चहाला जाण्यापूर्वी नावे घालावीत.