यकृतातील गाठीचे मोजमाप



कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने यकृतातील गाठीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही; जे सांगणार ते वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. परंतु आजचा विषय मापाचा आहे, आणि मापाशी आमचा जुना संबंध आहे.

आपला नगर जिल्हा दुष्काळाचा जाणकार. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला आणि माती उकरायला गेली, तेव्हा मजुरी मापावर ठरे. खडी ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यास लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही लागतात. नुसत्या लांबीवर हिशेब केला, तर कोणता मजूर तो मान्य करील?

गाठीचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी लांबीवरच होतो. २००० साली ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत गाठीचा सर्वांत मोठा व्यास धरतात. मोजपट्टीने ते चटकन होते, म्हणून ती रीत टिकली. पण गणित पाहा. गोल गाठीचा व्यास २० टक्के वाढला, तर तिचे आकारमान सुमारे ७३ टक्के वाढते. व्यास दुप्पट झाला, तर आकारमान आठपट होते. शिवाय गाठ चेंडूसारखी गोल असतेच असे नाही.

यावर उपाय सीटी स्कॅनने दिला. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याचे चित्र घेतले. सावल्यांवरून आतले चित्र उभे करण्याची एक महत्त्वाची गणिती रीत त्याच वर्षी रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली, हे आपण विसरू नये.

हे यंत्र शरीराचे पातळ थर दाखवते. भाकरींची चवड डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक थरावर गाठीची कड आखायची, आतले क्षेत्रफळ काढायचे, थराच्या जाडीने गुणायचे आणि सर्वांची बेरीज करायची. दहा थरांत सरासरी ४ चौरस सेंटिमीटर गाठ असेल आणि थर अर्ध्या सेंटिमीटरचा असेल, तर गाठ २० घन सेंटिमीटर भरली. संगणकाचे सॉफ्टवेअर हेच काम झटपट करते.

याच रीतीने उरणारे यकृतही मोजतात. यकृत पुन्हा वाढते, पण शस्त्रक्रियेनंतर निरोगी यकृताचा निदान २० ते ३० टक्के भाग राहावा लागतो. सिरोसिस झालेल्या यकृताचा सुमारे ४० टक्के. म्हणजे सुरी चालवावी की नाही, हे मापावर अवलंबून असते.

तरी यंत्रास देव मानू नये. कड कोठे धरायची यावर दोन तज्ज्ञांचे मत भिन्न होऊ शकते. श्वास नीट रोखला नाही, शिरेत औषध सोडल्यावर चित्र घेण्याची वेळ बदलली किंवा थर जाड घेतले, तर आकडा बदलतो. म्हणून सॉफ्टवेअरने आखलेली कड डॉक्टरांच्या नजरेखालून गेलीच पाहिजे.

खोदकामावर खड्ड्यात मातीचे काही उंचवटे न खणता राखतात. मूळ जमीन किती उंच होती याची ती साक्ष; मोजणी होईपर्यंत मजूर त्यांना हात लावू देत नाहीत. रोग्याचा जुना स्कॅन ही तशीच साक्ष आहे. नगरहून पुण्यास, पुण्याहून मुंबईस टाटा रुग्णालयात जाताना पुष्कळ लोक नुसता अहवालाचा कागद नेतात. चित्रांची सीडी जवळ ठेवा, कारण कागदावरून पुन्हा मोजता येत नाही. आणि डॉक्टरसाहेबांना नम्रपणे विचारा: माप व्यासाचे की आकारमानाचे? मागच्या रीतीनेच घेतले का?

आपल्या मजुरीचे माप आपण डोळ्यांनी पाहिल्यावाचून अंगठा देत नाही. मग आपल्या देहाचे माप समजून घेण्यास संकोच कशाला? एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.