नागपुरात, भर मे महिन्यात



उष्णतेच्या लाटेवरची ही परिषद हिवाळ्यात घ्या, असे बऱ्याच हितचिंतकांनी सुचवले होते. आम्ही मुद्दाम मे महिना धरला. उष्णतेच्या लाटेबद्दल बोलायचे तर ते नागपुरात, डोक्याला दुपट्टा बांधूनच बोलावे.

विदर्भाला ऊन नवे नाही; नवतपा आमच्या पणजीलाही ठाऊक होता. म्हणूनच ‘आमच्याकडे तर तापतंच’ हे सहज तोंडी येते, आणि तेच आज जिवावर बेतते आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण पृथ्वीभोवती उष्णता अडवून ठेवली आहे. पूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा टोकाचा उष्मा पृथ्वी १ अंशाने तापताच जवळपास तिप्पट वेळा येऊ लागला. २ अंशांवर तो साडेपाचपटींहून अधिक वेळा येईल, असे आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो. २०२२ चा मार्च तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत ऐन दाणे भरताना गहू होरपळला.

लोकांना हे समजावताना मी कूलरचे उदाहरण देतो. आता मे महिन्यात ताट्या भिजल्या की खोली गार होते, कारण कोरडी हवा पाणी झटपट शोषते. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. आपल्या घामाचेही तसेच आहे. आणि हवा तापली की दर अंशामागे तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून नुसता पारा पाहून भागत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात एका जाहीर सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशीचा पारा विदर्भाच्या मानाने फार नव्हता. भारत-बांगलादेशातल्या त्या एप्रिलच्या दमट उष्म्याची शक्यता हवामानबदलामुळे किमान तीसपट वाढली होती, असे शास्त्रज्ञांनी महिन्याभरात दाखवून दिले.

आणि रात्री! टिनाच्या छपराखाली पहाटेपर्यंत भिंती तापलेल्या असतात. दिवसभर स्लॅबवर राबलेल्या मजुराच्या शरीराला विसावाच मिळत नाही. सकाळी तो गेल्याचे कळते, कारण लिहिले जाते हृदयविकार.

यजमान म्हणून माझे एकच मागणे आहे. परतण्यापूर्वी आशाताईला आठवडी बाजारात वाचून दाखवता येईल असे उष्म्यापासून बचावाचे एका पानाचे पत्रक सर्वांनी मिळून लिहून द्या. छपाईचा खर्च स्वागत समिती करील.