नेत्याला ‘थांब’ म्हणणारा माणूस



आज माझ्यासमोर पाळक आहेत, फादर आणि सिस्टर आहेत, मिशनच्या शाळा आणि इस्पितळे चालवणारी माणसे आहेत. ख्रिस्ती पुढाऱ्याच्या अंतरंगाचे आरोग्य हा माझा विषय आहे. सुरुवात मी बाराव्या शतकातल्या एका पुस्तकापासून करतो, कारण या विषयावर इतके धीट लेखन मी दुसरे वाचलेले नाही.

१५ फेब्रुवारी ११४५. रोममध्ये नागरिकांनी बंड करून आपले वेगळे शासन उभे केले होते. पोप ल्यूशस दुसरा त्या दिवशी वारला, आणि त्याच दिवशी कार्डिनलांनी पिसा गावच्या एका सिस्टर्सियन साधूला त्याच्या जागी निवडले. हा युजीन तिसरा. तो रोमच्या वेशीबाहेरच्या एका मठाचा प्रमुख होता आणि त्याआधी फ्रान्समध्ये क्लेर्व्होच्या मठात, तिथला मठाधिपती बर्नार्ड याचा शिष्य होता. बातमी कळताच बर्नार्डने कार्डिनलांना खरमरीत पत्र लिहिले. जगाला मेलेल्या माणसाला तुम्ही थडग्यातून ओढून पुन्हा गर्दीत का उभे केलेत, असा त्या पत्राचा आशय होता. शिष्य सर्वोच्च पदावर बसला याचा आनंद त्यात फारसा नाही, काळजी मात्र पुष्कळ आहे.

पुढच्या काही वर्षांत बर्नार्डने त्याच्यासाठी पाच भागांचा ग्रंथ लिहिला, ‘दे कॉन्सिदेरातिओने’. त्याचा पहिला भाग जवळजवळ संपूर्णपणे अतिश्रमाविषयी आहे. त्या काळी रोमचा दरबार साऱ्या पश्चिम युरोपचे अपिलाचे न्यायालय बनत चालला होता. मठांच्या जमिनी, बिशपांच्या निवडणुकांचे तंटे, विवाहाचे खटले, दशमांशाचे वाद, सगळे तिथे येऊन पडत. ११४० च्या सुमारास ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचे मोठे संकलन केले होते आणि वकिलांची एक पिढीच त्यावर तयार होत होती. पोप सकाळी उठे तो दावे ऐकायला आणि रात्री झोपे तो दावे ऐकूनच. बर्नार्ड विचारतो, तुझ्या राजवाड्यात दिवसभर कायदे घुमतात खरे, पण ते सम्राट जस्टिनियनचे की प्रभूचे?

युजीन दमेल, आजारी पडेल, ही बर्नार्डची मुख्य भीती नव्हती. त्याला दुसरेच भय वाटत होते. आज हा भार तुला असह्य वाटतो आहे, असे तो सांगतो. थोड्या दिवसांनी सवय होईल, मग तो तितकासा जड वाटणार नाही, पुढे हलका वाटेल आणि शेवटी त्यात गोडी वाटू लागेल. त्या टप्प्यावर हृदय कठीण झालेले असेल, आणि कठीण झालेल्या हृदयाला आपले कठीणपण जाणवत नाही. म्हणून तुला अजून दुखते आहे तोवरच हे ऐक, असे त्याचे आर्जव आहे.

मंडळींच्या कामात वावरलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. नव्या पाळकाला पहिल्या अंत्यविधीच्या आदल्या रात्री झोप येत नाही. वर्षे लोटतात, आणि एके दिवशी तो दफनविधी आटोपून थेट सभेला जातो, सभेहून लग्नाला, आणि मधे कुठेच काही हलत नाही. लोक म्हणतात, पास्टरसाहेब किती खंबीर आहेत! कधी ती खरोखर श्रद्धेची खंबीरता असते. पण कधी ती बर्नार्ड म्हणतो ती कठीणता असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही सारख्याच दिसतात.

आता प्रश्न असा, की कठीण झालेल्या हृदयाला स्वतःचे कठीणपण कळत नसेल तर ते सांगायचे कुणी? आत्मपरीक्षण करा, एकांतात बसा, पहाटे लवकर उठा, असा उपदेश आपण नेत्यांना करतो. तो चांगलाच आहे. पण त्यात हे गृहीत धरलेले असते की नेत्याला आपले दुखणे दिसते. पवित्र शास्त्राची समजूत वेगळी आहे.

निर्गमाचा अठरावा अध्याय आठवा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसला आहे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आलेला. तो मिद्यानाचा याजक, म्हणजे इस्राएलाबाहेरचा माणूस. तो एक दिवस नुसते पाहतो आणि विचारतो, हे तू काय चालवले आहेस? मोशेचे उत्तर मोठे भक्तिमय आहे, लोक देवाला विचारण्यासाठी माझ्याकडे येतात. इथ्रो या उत्तराने दबून जात नाही. तो सांगतो की अशाने तू झिजशील आणि हे लोकही झिजतील. नेत्याच्या अतिश्रमाने ताटकळणाऱ्यांचेही नुकसान होते, हे त्या परक्या म्हाताऱ्याला दिसले. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याची व्यवस्था सुचवून तो आपल्या देशी निघून जातो. त्याला तिथे स्वतःचे काही साधायचे नव्हते, म्हणूनच तो बोलू शकला.

बर्नार्डलाही असा एक इथ्रो भेटला होता. १११५ मध्ये क्लेर्व्होचा मठ स्थापन झाला तेव्हा तो पंचविशीत होता, आणि उपासतापासांनी त्याने थोड्याच वर्षांत आपल्या पोटाची कायमची वाट लावून घेतली. त्याला मठाधिपतीची दीक्षा देणारा शालोंचा बिशप, शाँपोचा विल्यम, हे पाहून थेट सिस्टर्सियन मठप्रमुखांच्या सभेपुढे गेला. एका वर्षापुरता हा माणूस माझ्या आज्ञेत द्या, अशी विनवणी त्याने लोटांगण घालून केली. सभेने ती मान्य केली. बर्नार्डला मठाच्या आवाराबाहेर एका झोपडीत ठेवले, कारभार काढून घेतला. बर्नार्डने ते आपणहून कधीच केले नसते. एका बिशपने जमिनीवर पालथे पडून मागितले म्हणून ती विश्रांती मिळाली.

पुढे मात्र असे कुणी उरले नाही, आणि ही कथा मला फार क्लेश देते. ज्या युजीनला बर्नार्ड ‘थांब’ म्हणणार होता, त्यानेच ११४५ च्या डिसेंबरात दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली आणि प्रचाराची धुरा बर्नार्डवर टाकली. ३१ मार्च ११४६ ला व्हेझलेच्या माळावर बर्नार्डने सभा गाजवली, मग फ्लँडर्स, मग ऱ्हाइनकाठ. ऱ्हाइनकाठी राडुल्फ नावाचा साधू ज्यूंच्या कत्तलीला चिथावणी देत होता, त्याला बर्नार्डने जाऊन रोखले. हे त्याचे थोर काम होते. पण ज्या मोहिमेसाठी तो हिंडला ती ११४८ मध्ये दमास्कसच्या वेढ्यापाशी कोसळली. हजारो माणसे मेली, आणि दोषाचे बोट बर्नार्डकडे वळले. याच सुमारास एका कार्थुसियन मठप्रमुखाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली अवस्था सांगितली आहे. अंगावर साधूचा वेश, पण जगणे साधूचे कधीच सुटलेले, असा आपल्या युगातला विचित्र संकर, असे तो स्वतःला म्हणतो. पोपने मठवाशाला रस्त्यावर आणले, मठवाशाने पोपला आत वळायला सांगितले. दोघांचे एकमेकांवर खरे प्रेम होते, आणि तरीही दोघे एकमेकांच्या ओझ्यात भर घालत राहिले.

त्याच बर्नार्डने ‘गीतरत्न’ या पुस्तकावरच्या अठराव्या प्रवचनात तळे आणि पाट यांचा दृष्टान्त दिला आहे. पाट पाणी घेता घेताच देऊन टाकतो. तळे आधी भरते, आणि काठोकाठ भरल्यावर जे वाहते ते देते. मंडळीत पाट फार झाले आहेत आणि तळी थोडी, अशी त्याची तक्रार आहे. दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

इथे कुणी मला पंडिता रमाबाईंचे नाव घेऊन अडवील, आणि ते योग्यच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने सुकलेल्या मुली केडगावला आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्तिसदनात शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण, सगळे चालत होते. या बाईंनी कधी विसावा घेतला? मी म्हणतो, त्यांच्या कामाचा आकार पाहू नका, क्रम पाहा. केडगावला दिवस प्रार्थनेने उजाडे. १९०५ मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले, त्याच्या आधी कितीतरी महिने मुलींचा एक गट रोज प्रार्थनेला जमत असे, आणि तो रमाबाईंनी मुद्दाम उभा केला होता. कारभार त्यांची मुलगी मनोरमाबाई आणि मिनी एब्रम्स यांसारख्या सहकाऱ्यांच्या हाती त्या विश्वासाने सोपवत गेल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या. हजारोंची आई झालेली बाई शब्दकोश उघडून एका वचनापाशी थांबते, हे मला त्यांच्या नेतृत्वाचे सर्वांत निरोगी लक्षण वाटते. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. तो घाव सोसून रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही थोडक्यात सांगतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. पदापेक्षा ख्रिस्ताशी असलेले नाते मोठे धरण्याचा तो निर्णय होता. हा मार्ग प्रत्येकाला झेपणारा नाही, आणि घरच्यांना त्याची किंमत मोजावी लागते हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचलेल्यांना सांगायला नको.

मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर आजारी लोक दाराशी आणले गेले. पहाटे अंधारातच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला, लोक वाट पाहत आहेत म्हणाला. येशू परत गेला नाही, शेजारच्या गावांकडे निघाला. त्या सकाळी कफर्णहूमात काही दुखणेकरी दाराशी तसेच बसून राहिले असतील. हे लिहायला सोपे आहे, करायला भयंकर अवघड. गरज दिसते म्हणजे हाकही आलीच असे आपण धरून चालतो. येशूने तसे धरले नाही.

आणि शरीर विसरू नका. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. पुढे होरेबावर जे काम मिळाले त्यात अलीशाला आपल्या जागी अभिषेक करणे हेही होते.

संत बेनेडिक्टच्या नियमावलीत चौसष्टाव्या प्रकरणात मठाधिपती कसा असावा ते सांगितले आहे. तो अस्वस्थ आणि चिंताग्रस्त नसावा, नाहीतर त्याला कधीच चैन पडणार नाही. कळप एका दिवसात जास्त हाकलला तर मरेल, या याकोबाच्या काळजीचीही तिथे आठवण करून दिली आहे. नेत्याची अस्वस्थता कळपाच्या पायांना लागते, हे सहाव्या शतकात नियम म्हणून लिहून ठेवावेसे वाटले.

आपल्याकडे पास्टरेट कमिटी वर्षअखेरीला पाळकाकडून अहवाल घेते. भेटी किती, बाप्तिस्मे किती, इमारत निधी किती, मालमत्तेचा दावा कुठवर आला. युजीनच्या दरबाराहून हे फार वेगळे नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक पाळकासाठी, प्रत्येक संस्थाप्रमुखासाठी एक माणूस ठरवून घ्या. तो त्याच्या हाताखालचा नको, त्याचा पगार ठरवणारा नको. दूरच्या मंडळीतला वयस्क पाळक चालेल, एखाद्या मठातली सिस्टर चालेल, सासराही चालेल. त्याने महिन्यातून एकदा यावे, इथ्रोसारखा एक दिवस नुसता पाहावा, आणि ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार त्याला कमिटीने ठराव करून द्यावा. रविवार हा पाळकाचा कामाचा दिवस आहे, तेव्हा त्याच्या सुटीचा दिवस वेगळा ठरवा. त्या दिवशी फोन कोण घेईल तेही ठरावात लिहा, नाहीतर सुटी कागदावर राहील.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी आपण बोलत नाही. मंडळी एक पाळक नेमते आणि दोन माणसांचे काम घेते. संडे स्कूल, महिला मंडळ, येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा, रात्री दारात आलेल्या रडणाऱ्या बाईचे ऐकून घेणे, हे सगळे पाळकाची पत्नी करते, आणि अहवालात तिचे नाव नसते. तिला थांब म्हणणारा कुणी ठरवायचा असेल तर तोही याच ठरावात यायला हवा.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. पाळकांच्या पत्नी मागच्या दोन रांगांत बसल्या आहेत. पहिले प्रश्न त्यांचे घ्यावेत, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.