कॅसेटमधलं लग्न आणि चित्राची दुखणी



मनोरी गावात नव्वदच्या दशकात ज्या घरी लग्न झालं, तिथे कपाटात एखादी व्हीएचएस कॅसेट हमखास सापडेल. उंबराच्या पाण्याच्या विधीला निघालेली मंडळी, पुढे बँड, मागे लाल लुगड्यातल्या बायका, असं सगळं तीन तासांच्या फितीवर. पण ती लावायची कशावर? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं बंद केलं. मग लोक कॅसेटची फाइल करून घेतात, मोबाइलवर लावतात आणि तक्रार सुरू होते. कुठे चित्र वरून वाकडं, कुठे खाली थरथरणारा पट्टा, तर कुठे रंग ओघळलेले.

माझं सांगणं एवढंच, की दोष कुठे जन्मला ते आधी ओळखा. फितीचा दोष फितीपाशी, व्हीसीआरचा व्हीसीआरपाशी. संगणकाची पाळी शेवटची.

सुरुवात फितीपासून. मनोरीला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. ही दमट हवा फितीला मानवत नाही. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी समजा आणि कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. ती जाणकाराकडून साफ करून घ्या.

आता व्हीसीआर. त्याच्या आत एक गोल ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची दोन हेडं आळीपाळीने फीत वाचतात आणि प्रत्येक हेड अर्धंच चित्र देतं. चित्रभर पांढरे पट्टे आले, मुंग्या दिसल्या, तर आधी हेड साफ करा आणि व्हीसीआरच्या ट्रॅकिंगच्या बटणाने चित्र जुळवून घ्या. फीत ताणली गेली असेल तर ओळी वेळेवर येत नाहीत आणि चित्राचा माथा वाकतो. त्यावर टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र असतं, तेही फीत चालू असतानाच लावायचं. एकदा वाकडी फाइल झाली की ती सरळ करणं फार कठीण.

तळाचा थरथरता पट्टा मात्र आजार नव्हे. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं, त्याची ती खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची, फाइलमध्ये उघडी पडते. तेवढ्या ओळींवर काळी पट्टी टाका, झालं.

आता त्या लाल लुगड्याकडे जवळून बघा. लाल रंग काठाबाहेर, उजवीकडे सांडलेला दिसेल. व्हीएचएसवर उजेड-सावलीचा तपशील आडव्या रेषेत सुमारे २४० बिंदूंचा, रंगाचा मात्र जेमतेम ४० बिंदूंचा. म्हणून रंग पसरतो आणि थोडा सरकतोही. संगणकावर फक्त रंगाचा थर किंचित डावीकडे ओढला, की तो पुन्हा काठात बसतो. नसलेला तपशील मात्र कुठूनही आणता येत नाही.

बँडवाल्याचे हात वाजवताना कंगव्यासारखे दातेरी दिसतात, याचं कारण तीच अर्धी चित्रं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं असतात. ती नीट सोडवली तर हालचाल सळसळीत राहते. घाईत २५ पूर्ण चित्रं केली, तर निम्मी हालचाल वाया जाते.

फितीवरचा लेप उडाला असेल तर क्षणभर पांढरी रेघ चमकते. ती रेघ प्रत्येक वेळी तिथेच आली तर दोष फितीत आहे. वेगवेगळ्या जागी आली तर तीच कॅसेट तीनदा उतरवून घ्या, कारण एका फाइलमध्ये बिघडलेली जागा दुसरीत शाबूत मिळते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र चकचकीत करून देतात. खांबाच्या, मांडवाच्या कडा बऱ्या दिसतातही. पण धूसर चेहऱ्याला ते यंत्र अंदाजाने डोळे-ओठ काढतं, आणि आजीच्या जागी कुणी परकीच बाई बसते. धुरकट असली तरी आपली आजी बरी.

तेव्हा दुकानात कॅसेट दिलीत, तर सुधारलेली फाइल घ्याच, पण आधी उतरवलेली मूळ फाइलही मागून घ्या. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, दोन डिस्कवर ठेवा. आणि कॅसेट फेकू नका. उद्या अधिक चांगला व्हीसीआर हाती लागला, तर पुन्हा तिच्याकडेच जावं लागेल.