‘साधी वायर लावणार?’

मध्यंतरी आम्ही मोठा टीव्ही घेतला. बिल करताना दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, एवढा टीव्ही घेताय आणि वायर साधी लावणार?’’ मी ओशाळलो आणि सोन्याचा मुलामा दिलेली २,५०० रुपयांची एचडीएमआय केबल घेऊन घरी आलो.

काही दिवसांनी शेजाऱ्यांची ३०० रुपयांची केबल आणली. पत्नीला पाठमोरं बसवून चार वेळा केबल बदलली. प्रत्येक वेळी वळून ती म्हणाली, ‘‘चित्र तेच आहे हो!’’

तिचं बरोबर होतं. या केबलमधून शून्य आणि एक एवढेच आकडे धावतात. ते नीट पोचले की चित्र पूर्ण उमटतं. न पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. महाग केबलनं रंग खुलत नाहीत. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा गुण.

मग पैसे कुठे मोजावेत? फोर-के टीव्हीला सहसा ‘प्रीमियम हायस्पीड’ प्रमाणपत्राची केबल पुरते. अंतर लांब असेल तर चांगल्या प्रतीची घ्यावी. स्पीकरला मात्र तांब्याची जाड तार हवी. लांब आणि बारीक तारेत विजेला अडथळा वाढतो. उरलेले पैसे स्पीकरवरच घालावेत. तो फरक कानाला कळतो.

मी कविता लिहितो, शब्दांची ताकद जाणतो. तरी दुकानदाराच्या एका वाक्याला २,२०० रुपये मोजले. तुम्हाला कुणी ‘साधी लावणार?’ असं विचारलं, तर खुशाल ‘हो’ म्हणा.