आकडा कशाने काढला?



बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातील माणसाला आकड्याची उलटतपासणी शिकवावी लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून जनगणनेतील भाषावार आकडे या भागाने पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. आकडे कोणत्या सालचे? घटक कोणता धरला, खेडे की तालुका? आकडे तेच राहिले तरी घटक बदलला की रेषा सरकते, हे येथील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. पाटसकर निवाड्यातील ‘खेडे हाच घटक’ या तत्त्वाचा आग्रह आणि १९६७ च्या महाजन अहवालावरचे आक्षेप ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना आकड्यामागची रीत विचारण्याची सवय आपोआपच लागलेली असते.

विद्यापीठीय शोधनिबंधांत मात्र ही सवय नेमक्या एका जागी ढिली पडते. ग्रंथातील एक वाक्य उद्धृत केले, तर लेखक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, वर्ष, पृष्ठांक असा सारा जामानिमा तळटीपेत येतो. पण ज्या संगणकीय प्रणालीने निबंधातील एकूण एक गणित केले, तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते : ‘विश्लेषण एसपीएसएसद्वारे केले.’ कित्येकदा तेवढीही येत नाही. ग्रंथपालाकडे जाऊन ‘ते निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक द्या’ म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे.

यात बिघडते काय, हा प्रश्न रास्त आहे. बेरीज कोणत्याही यंत्राने केली तरी बेरीजच. परंतु संख्याशास्त्रातील पुष्कळशा राशी बेरजेइतक्या सरळ नसतात. समजा, वाचनालयातून आठ दिवसांत अनुक्रमे १२, १५, १८, २२, २४, २७, ३० आणि ३६ पुस्तके गेली. या आकड्यांचा पहिला चतुर्थक, म्हणजे खालचा पाव भाग जेथे संपतो तो बिंदू, काढावयाचा आहे. एसपीएसएसच्या नेहमीच्या रीतीने उत्तर येते १५.७५; ‘आर’ या प्रणालीच्या नेहमीच्या रीतीने येते १७.२५. दोन्हींपैकी चूक कोणतेच नाही. चतुर्थक काढण्याच्या मान्य रीतीच अनेक आहेत. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ रीतींची मांडणी केली होती. वाचकापुढे नुसते १५.७५ ठेवले आणि प्रणालीचे नाव गाळले, तर पडताळा घेणाऱ्याने स्वतःचेच डोके धरून बसावे.

शेतीच्या प्रयोगांत हा फरक अधिक अवघड जागी लागतो. निपाणीच्या एखाद्या शेतात तंबाखूच्या जातींची तुलना चालली आहे आणि पावसाने किंवा गुरांनी दोन वाफे वाया घालविले, अशी कल्पना करावी. नोंदी समतोल राहिल्या नाहीत की प्रचरण-विश्लेषणाच्या वाटा फुटतात. ‘आर’मधील मूळ रीत घटक ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने त्यांचा वाटा मोजत जाते, एसपीएसएसची मूळ रीत प्रत्येक घटकाचा वाटा इतर सर्व घटक जमेस धरून मोजते. कागद तोच, नोंदी त्याच. तरीही एका उत्तरात जातीजातींमधला फरक ठसठशीत दिसावा आणि दुसऱ्यात तो पुसट व्हावा, हे अगदी संभवते. शेतकऱ्याला कोणते बियाणे सुचवावयाचे, हे त्यावर ठरते.

नुसते नावही पुरत नाही. ‘आर’ची ३.६.० ही आवृत्ती २०१९ मध्ये निघाली, तेव्हा यादृच्छिक निवड करण्याची तिची अंतर्गत रीत सुधारण्यात आली. त्यामुळे आरंभीचा बीजांक तोच दिला, तरी जुन्या आणि नव्या आवृत्तीतून निवडीच्या निराळ्या याद्या बाहेर पडतात. आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवलेला नसेल, तर कोणत्या घराला कोणत्या गटात का घातले याची फेरतपासणी खुद्द संशोधकालाही जड जाईल. एसपीएसएसची गंमत निराळीच. १९६८ मध्ये जन्मलेल्या या प्रणालीचे २००९ मध्ये काही काळ ‘पीएएसडब्ल्यू’ असे नामांतर झाले. त्याच वर्षी आयबीएमने ती कंपनी विकत घेतली आणि पुढे ‘आयबीएम एसपीएसएस’ हे नाव रूढ झाले. बेळगावचे बेळगावी झालेले पाहिलेल्यांना हे नवे नाही, पण सूचीकाराने तिन्ही नावे एकाच घरची आहेत हे ओळखणे जरूर आहे.

या साऱ्यात पणाला काय लागलेले असते, हे पाहण्यासाठी बेळगाव जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी घरी किंवा उपकेंद्रात परिचारिकेच्या हातून काहींना मिसोप्रोस्टॉलची गोळी, तर काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. दर अठरा स्त्रियांमागे एकीचा अतिरक्तस्राव टळला. २००६ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. येथल्या खेड्यांतून निघालेल्या आकड्यांचे वजन एवढे असू शकते. असा आकडा कोणत्या अवजाराने काढला, हे जगात कोठेही बसलेल्या वैद्याला विचारता आले पाहिजे आणि त्याचे उत्तर निबंधातच सापडले पाहिजे.

अवजारच सदोष निघाले तर काय होते, याचा दाखला मात्र अमेरिकेतला घ्यावा लागतो. तेथील नव्वद शहरांच्या अभ्यासातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी असे काढले होते की, हवेतील धूलिकण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर मृत्यू शेकडा ०.४१ ने वाढतात. २००२ मध्ये त्यांच्याच ध्यानात आले की, वापरलेल्या ‘एस-प्लस’ प्रणालीतील एक गणिती रीत पुरेशी अचूकता येण्याआधीच थांबत होती. अट कडक करताच ०.४१ चे ०.२७ झाले; दुसऱ्या रीतीने ते ०.२१ आले. धूलिकण घातक आहेत हा निष्कर्ष टिकला, पण त्याची मात्रा निम्म्यावर आली. आणि सरकारी मानकांच्या फेरविचारात अशा निबंधांचा आधार घेतला जात होता. संशोधकांनी चूक स्वतः जाहीर केली हे तर मोठेच. शिवाय ज्या इतर निबंधांत प्रणालीचे व रीतीचे नाव नोंदलेले होते, ते हुडकून त्यांचे फेरगणित करता आले. ते २००३ मध्ये बॉस्टनच्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने एकत्र छापले. नाव न घालणाऱ्यांना ही सोय कोठून असणार?

दुसरी बाजू ऋणाची आहे. ‘आर’ ही ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली आणि पुढे अनेकांनी वाढविलेली प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्या जोड-प्रणाली लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण विद्यापीठांत नोकरी करणारे अध्यापक असतात. त्यांच्या कामाची मोजदाद अवतरणांवरच होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉफ्टवेअर-अवतरणाच्या तत्त्वांनीही प्रणालीला ग्रंथाच्या किंवा निबंधाच्या बरोबरीचे स्थान द्यावे असे सांगितले. तेव्हा कर्ता, वर्ष, नाव, आवृत्ती आणि प्रकाशक हा तपशील संदर्भसूचीत यावा; कोणती रीत, कोणत्या पर्यायांसह वापरली ते पद्धतीच्या प्रकरणात. निबंध टंकलिहिण्याच्या प्रणालीला अर्थातच हा मान देण्याचे कारण नाही. ‘आर’मध्ये ‘सायटेशन’ ही आज्ञा दिली की तयार नोंदच पडद्यावर येते, इतके ते सोपे आहे.

भारतीय शेतीविषयक निबंधांत अवजाराचे ऋण मानण्याची एक जुनी चाल आहे, आणि ती मराठी नावांशी बांधलेली आहे. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा शेतीसंशोधकांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. गणित हाताने होत होते तेव्हा तर तो उद्धृत होतच असे. गणित यंत्राकडे गेल्यावरही ‘पानसे व सुखात्मे’ ही ओळ निबंधांतून हटलेली नाही. ती राहावी. मात्र त्या ओळीशेजारी प्रत्यक्ष गणित करणाऱ्या प्रणालीचे नाव आणि आवृत्ती यावी, आणि पानसे-सुखात्म्यांच्याही पुढे जे वर्ष पडते ते हातातल्या प्रतीचे असावे, दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उतरवून घेतलेले नव्हे.